वूलकूमच्या किनाऱ्यावर आठवड्याचे घर : शोधण्यापासून किल्ली परत करेपर्यंत

माझे आई-बाबा 2024 च्या जुलैमध्ये पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडमधल्या रेडिंगला यायचे होते, आणि मुलांच्या उन्हाळी सुट्टीतला एक आठवडा सगळ्यांनी मिळून समुद्राकाठी काढावा, असे आम्ही त्याच्या आदल्या हिवाळ्यातच ठरवले होते. बाबा मूळचे हर्णैजवळचे. नोकरीमुळे पुण्यात स्थिरावले तरी समुद्राची ओढ त्यांच्या मनातून गेलेली नाही. अकरा वर्षांच्या मुलीला सर्फिंग शिकायचे होते, सहा वर्षांच्या मुलाला वाळू हवी होती, आईच्या गुडघ्यांना चढ-उतार सोसत नव्हते आणि आमच्या सोयीचा आठवडा नेमका श्रावणात येत होता. हॉटेलच्या तीन खोल्या आणि रोजचे बाहेरचे जेवण यांत हे सगळे बसणारे नव्हते. स्वयंपाकघरासह अख्खे घर आठवड्यासाठी भाड्याने घ्यायचे आणि स्वतः रांधून खायचे, हाच मार्ग होता. इंग्लंडमध्ये ही पद्धत चांगली रुळलेली आहे. परंतु आई-वडिलांचा व्हिसा, घराचे पैसे भरण्याच्या मुदती, शाळेची सुट्टी आणि भरती-ओहोटी ही चारही वेळापत्रके एकमेकांत गुंतली की सुरुवात कुठून करावी तेच कळत नाही. आमच्या ओळखीतल्या काही मराठी कुटुंबांनी याच गोंधळापायी असा बेत सोडून दिला आहे, म्हणून आमचा सगळा क्रम तपशिलाने लिहून ठेवत आहे.

नोव्हेंबर 2023 मध्ये शोधाला सुरुवात केली. सर्फिंग म्हटले की बहुतेक लोक कॉर्नवॉलमधल्या न्यूकीचे नाव घेतात, पण आम्ही इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्याचा उत्तर किनारा निवडला. रेडिंगहून ते अंतर कमी पडते, आणि वूलकूम, क्रॉइड, साँटन हे तीन निराळ्या स्वभावाचे किनारे तिथे थोड्या थोड्या अंतरावर आहेत. क्रॉइडला ओहोटीच्या वेळी लाट वेगाने आणि पोकळ होऊन फुटते, ती अनुभवी सर्फरांची जागा आहे. साँटनची लाट लांब आणि संथ असते. वूलकूमचा किनारा बॅगी पॉइंट आणि मॉर्ट पॉइंट या दोन भूशिरांच्या मध्ये पश्चिमेकडे तोंड करून पसरलेला आहे. त्याची वाळू इतक्या हळूहळू उतरत जाते की अटलांटिकवरून आलेली लाट दूरवर फुटते आणि फेसाळ होऊन सावकाश किनाऱ्याकडे येते. शिकणाऱ्याला हेच हवे असते. या उत्तर डेव्हनच्या किनाऱ्याला 2022 मध्ये जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. ब्रिटनमध्ये असा दर्जा मिळवणारा तो पहिला किनारा.

किमती पाहिल्यावर मात्र मन खट्टू झाले. मे महिन्यातल्या शाळा चालू असलेल्या आठवड्यात जे घर 890 पौंडांना मिळत होते, तेच ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात 2,340 पौंडांना होते. मुलांना शाळा बुडवून न्यावे, असा विचार अनेक पालक करतात. पण इंग्लंडच्या सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळांमध्ये विनापरवानगी रजेबद्दल प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला दंड होऊ शकतो. त्या वेळी तो 60 पौंड होता आणि ऑगस्ट 2024 पासून 80 पौंड झाला. एकवीस दिवसांत न भरल्यास तो दुप्पट, म्हणजे 160 पौंड होतो. दोन मुले आणि दोन पालक धरले तरी दंड भरूनही पैसे वाचतात, हे खरे आहे. आम्हाला तो हिशेब मुलांपुढे मांडायचा नव्हता, म्हणून ऑगस्टच घेतला आणि राहिलेला खर्च इतर ठिकाणी कमी केला.

या घरांचा आठवडा बहुधा शनिवार ते शनिवार किंवा शुक्रवार ते शुक्रवार असतो आणि गर्दीच्या हंगामात मधल्या वारी सुरू होणारे आरक्षण सहसा मिळत नाही. जाहिरातीतली छायाचित्रे पाहून काहीही ठरवता येत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. 'समुद्रापासून पाच मिनिटे' हे वाक्य आम्ही जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत वाचले. वूलकूम गाव डोंगरउतारावर वसलेले असल्यामुळे त्या पाच मिनिटांत किती चढ आहे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. एका घराच्या एजन्सीकडे आम्ही खोलात चौकशी केली, तेव्हा तळमजल्यावरची म्हणून सांगितलेली शयनखोली ही प्रत्यक्षात बैठकीतला उघडून झोपण्याचा सोफा आहे, असे कळले. तेव्हापासून मी प्रश्नांची एक यादीच केली आणि प्रत्येक घरमालकाला ती मेलने पाठवली. तळमजल्यावर दार असलेली शयनखोली आहे का. तिथल्या न्हाणीघरात शॉवरखाली उतरायला उंबरा किंवा टब आहे का. घरापासून वाळूपर्यंत पायऱ्या किती आणि चढाचा रस्ता किती. शेगडी गॅसची, विजेच्या तारेची की इंडक्शनची. ओले वेटसूट (थंड पाण्यात अंग उबदार ठेवणारे रबरी पोशाख) वाळवायला आणि वाळू धुवायला बाहेर नळ किंवा शॉवर आहे का. गाडी दारात उभी करता येते का. उत्तर लेखी येणे महत्त्वाचे असते, कारण पुढे वाद झाला तर फोनवरचे बोलणे कामाला येत नाही.

तिसऱ्या की चौथ्या घराच्या मालकीणबाईंनी प्रत्येक प्रश्नाला मुद्देसूद उत्तर दिले आणि शॉवरचा उंबरा किती उंच आहे हे मोजपट्टी लावून छायाचित्रासह कळवले. ते पाहून आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात 17 ते 24 ऑगस्टचे आरक्षण केले. 30 टक्के म्हणजे 702 पौंड लगेच भरले; उरलेले 1,638 पौंड मुक्कामाच्या दहा आठवडे आधी, म्हणजे 8 जूनपर्यंत भरायचे होते, आणि 200 पौंडांची अनामत रक्कम वेगळी. आरक्षणाच्या कागदावर सहाही जणांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहून मागितली, कारण तो कागद व्हिसाच्या अर्जाला जोडायचा होता.

इथेच खरी गाठ होती. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी अर्ज करता येत नाही. आई-बाबा 13 जुलैला निघणार होते, म्हणजे एप्रिलच्या मध्यापूर्वी अर्ज भरणे शक्य नव्हते. त्यानंतर व्हिसा केंद्राची भेट आणि निर्णयाचे साधारण तीन आठवडे धरले तर 8 जूनची मुदत अगदी गळ्याशी येत होती. मी मालकीणबाईंना परिस्थिती सांगितली आणि व्हिसा नाकारला गेल्यास काय, असे विचारले. पूर्ण पैसे परत मिळणार नाहीत, पण दोन माणसांच्या जागी दुसरे पाहुणे आणता येतील आणि जूनच्या आत कळवले तर तो आठवडा पुन्हा विक्रीला काढून भरून आल्यास रक्कम परत करू, असे त्यांनी लिहून दिले. असे लेखी आश्वासन मागायला संकोच वाटतो, पण मागावे. त्या कागदामुळे मला पुढचे महिने झोप लागली.

अर्ज 24 एप्रिलला भरला. सहा महिन्यांच्या व्हिसाचे शुल्क तेव्हा माणशी 115 पौंड होते; रुपयांत ते बारा-तेरा हजारांच्या घरात गेले. मी आणि माझ्या नवऱ्याने निमंत्रणपत्र लिहिले. त्यात नाते, मुक्कामाच्या तारखा, रेडिंगचा पत्ता, वूलकूमच्या घराचा पत्ता आणि कोणता खर्च कोण करणार हे सगळे स्पष्ट मांडले, आणि आमच्या राहण्याच्या परवान्याची प्रत, पगाराच्या पावत्या व बँकेचे सहा महिन्यांचे उतारे जोडले. आई-बाबांच्या बाजूने निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे उतारे, पुण्यातल्या सदनिकेची कागदपत्रे आणि हर्णैकडच्या जमिनीचा सातबारा दिला. सातबारा मराठीत असल्यामुळे त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडणे आवश्यक होते, आणि त्यावर भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख, संपर्क व भाषांतर अचूक असल्याचे निवेदन लागते. याला पुण्यात चार दिवस आणि नऊशे रुपये लागले. बाबांना एवढी कागदपत्रे देणे अपमानास्पद वाटत होते. परत येण्याची खात्री पटवण्यासाठीच ही असतात, असे मी फोनवर पुन्हा पुन्हा सांगत राहिले. पुण्याच्या केंद्रावर 9 मेला बोटांचे ठसे आणि छायाचित्र झाले. तिथे व्हरांड्यात बसलेल्या इतर ज्येष्ठांशी आईची ओळख झाली आणि तिची भीती बरीच ओसरली. शिक्का बसलेले पासपोर्ट 31 मेला घरपोच आले आणि त्याच संध्याकाळी आम्ही घराची उरलेली रक्कम भरून टाकली.

आरोग्यविम्याबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण याकडे फार दुर्लक्ष होते. व्हिसावर आलेल्या पाहुण्याला इथल्या अपघात विभागात तातडीचे उपचार विनाशुल्क मिळतात, परंतु रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर सरकारी आरोग्यसेवा ठरलेल्या दराच्या दीडपट आकारणी करते. बाबांचा रक्तदाब आणि आईची साखर लपवून घेतलेला स्वस्त विमा ऐन वेळी नाकारला जाऊ शकतो. आम्ही दोन्ही आजार नोंदवून पुण्यातूनच विमा घेतला. दोघांचा मिळून एकोणीस हजार रुपये हप्ता पडला. त्याची प्रत, औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी आणि बार्नस्टपलच्या जिल्हा रुग्णालयाचा पत्ता गाडीच्या कप्प्यात ठेवला. सुदैवाने लागला नाही.

जुलैत ते दोघे आले आणि बाकीची तयारी घरात बसून झाली. सर्फिंगच्या वर्गात आठ वर्षांखालच्या मुलांना घेत नव्हते, म्हणून मुलीसाठी आणि तिच्या बाबासाठी 20 ऑगस्टची सकाळ राखून ठेवली. दोन तासांचे, बोर्ड आणि वेटसूटसह माणशी 40 पौंड. पोहता येते का, दमा किंवा फिट येण्याचा त्रास आहे का, हे फॉर्मवर खरे लिहावे लागते आणि मुलांसाठी पालकांची संमती लागते. किराणा घरपोच देणाऱ्या सुपरमार्केटच्या शनिवार संध्याकाळच्या वेळा सुट्टीच्या गावांत फार लवकर संपतात, म्हणून दूध, भाज्या, दही आणि फळे यांची वेळ तीन आठवडे आधी घेतली. तूरडाळ, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, गूळ आणि दोन नारळ आम्ही रेडिंगहूनच नेले. शेगडी इंडक्शनची असल्याचे आधीच कळल्यामुळे आईचा जुना ॲल्युमिनियमचा कुकर घरी ठेवला आणि इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा कुकर विकत घेतला. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला की ते चालते, एवढी परीक्षा पुरते. शिवाय पोळपाट-लाटणे, एक धारदार सुरी, न्हाणीघरासाठी एक प्लास्टिकचा मग आणि बुटक्या स्टुलासारखा न घसरणारा पाट घेतला. या मगाविषयी कोणी लिहीत नाही, पण घरातल्या ज्येष्ठांना त्याची पहिल्या तासापासून गरज पडते.

17 ऑगस्टला पहाटे साडेपाचला निघालो. एम-4 महामार्गाने ब्रिस्टल, तिथून एम-5 ने दक्षिणेला, सत्ताविसाव्या फाट्यावरून ए-361, असा सरळ रस्ता आहे. पण उन्हाळी शनिवारी अर्धे इंग्लंड याच वाटेने समुद्राकडे निघालेले असते आणि सकाळी आठनंतर ब्रिस्टलजवळ गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. लवकर निघाल्यामुळे आम्ही दहाच्या आत बार्नस्टपलला पोहोचलो. घर दुपारी चारलाच मिळणार होते, तेव्हा ब्राँटनवरून साँटनच्या बाजूचा लांबचा रस्ता घेतला. टेकडीला वळसा घालून रस्ता वर येतो आणि एकदम खाली साँटनची मैलोन्‌मैल वाळू, तिच्यामागे ब्राँटनच्या वाळूच्या टेकड्या आणि पुढे समुद्र दिसतो. बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. क्रॉइडच्या पुढे दोन्ही बाजूंना उंच कुंपणे असलेल्या अरुंद गल्ल्यांमधून जावे लागते. समोरून गाडी आली की एकाने मागे जाऊन रुंद जागेत थांबायचे असते. मागे जायची सवय नसलेल्याने हा रस्ता टाळून मुख्य रस्त्याने यावे.

किल्ली दाराशेजारच्या आकडेकुलपाच्या पेटीत होती. टेबलावर दूध, स्कोन, स्ट्रॉबेरीचा जॅम आणि इथली प्रसिद्ध घट्ट क्रीम ठेवलेली होती; ती क्रीम आईने चाखली आणि ही तर आपल्या तापवलेल्या दुधावरची साय, असे म्हणून तिने ती वाटी सकाळच्या पोळीसाठी बाजूला काढली. आत शिरताच सामान उघडण्याआधी प्रत्येक खोलीची, आधीच असलेल्या ओरखड्यांची आणि सोफ्यावरच्या एका डागाची छायाचित्रे काढून मालकीणबाईंना पाठवली. अनामत रकमेसाठी हे फार उपयोगी पडते.

स्वयंपाकघर बैठकीला लागून उघडे होते, दगडी ओटा पांढराशुभ्र होता आणि छतावर धुराची घंटा होती. पहिल्या संध्याकाळी आमटीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, मिरची पडली आणि घंटा किंचाळू लागली. मुले कानावर हात ठेवून बाहेर पळाली, शेजारच्या घरातले गृहस्थ कुंपणापाशी येऊन सगळे ठीक आहे ना, असे विचारून गेले. घंटेवर फडके बांधावे, असे काही लोक सुचवतात. ते कधीही करू नये, ती सहा माणसांच्या जिवासाठी तिथे असते. आम्ही दुसऱ्या दिवसापासून मागचे दार उघडायचे, शोषकपंखा आधीच जोरात लावायचा आणि फोडणी लहान कढईत, मंद आचेवर, झाकण हाताशी ठेवून करायची, असा नियम केला. घंटा पुन्हा वाजली नाही. हळदीसाठी ओट्यावर एक स्टीलचे ताट ठेवून सगळा मसाल्याचा डबा त्यातच उघडला, आणि केसांना तेल लावण्याची आईची सवय लक्षात घेऊन उशीवर घरचे अभ्रे चढवले. पांढरे ओटे आणि पांढऱ्या चादरी पाहुण्यांच्या घरात का ठेवतात, हे मला आजही समजलेले नाही, पण आहेत तोवर काळजी घ्यावी.

रविवारी सकाळी किनाऱ्यावर जाऊन आधी आरएनएलआय या संस्थेच्या जीवरक्षकांचा फलक वाचला. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये पोहायचे आणि झोपून घसरण्याचे छोटे बोर्ड वापरायचे; काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या झेंड्यांच्या मध्ये उभे राहण्याच्या कडक बोर्डांची जागा; लाल झेंडा असेल तर पाण्यात पाय घालायचा नाही; आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी नारिंगी कापडी नळी वर असेल तर वारा समुद्राकडे वाहतो आहे, हवा भरलेली खेळणी पाण्यात न्यायची नाहीत. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध झुंजायचे नाही. पाय टेकत असतील तर चालत यायचे, नसतील तर बोर्ड न सोडता हात वर करून मदत मागायची किंवा किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडायचे. हे मी दोन्ही मुलांकडून रोज निघताना म्हणवून घेत असे. ऑगस्टमध्येही पाणी सोळा-सतरा अंशांचे असते, त्यामुळे लहान्यासाठी आठवड्याला 35 पौंड देऊन वेटसूट भाड्याने घेतला आणि तो दोन-दोन तास कुडकुडल्याशिवाय खेळला.

खरे वेळापत्रक चालवले ते समुद्राने. ब्रिस्टलच्या खाडीत पाणी चिंचोळ्या जागेत ढकलले जाते आणि तिच्या आतल्या टोकाची भरती जगातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांमध्ये गणली जाते. वूलकूम त्या खाडीच्या तोंडाशी असूनही इथे उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या भरतीला, पाणी आठ मीटरांच्या आसपास चढते-उतरते. मुंबईत पाच मीटरांच्या आसपासची भरती आली की ती बातमी होते, एवढे सांगितले म्हणजे कल्पना येईल. आमच्या मुक्कामात सोमवारी, 19 ऑगस्टला पौर्णिमा होती, म्हणजे पुढचे तीन दिवस उधाणाचे. पौर्णिमेच्या सुमारास इथे ओहोटी दुपारी बारा-एकला आणि भरती सकाळ-संध्याकाळी सहा-सातला येते. बाबांनी दुकानातून दीड-दोन पौंडांची भरती-ओहोटीची छापील पुस्तिका आणली, फ्रिजवर लावली आणि उधाण आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांचा हिशेब नातवंडांना समजावून दिला. ओहोटीनंतर त्यांनी वाळूत पाण्याच्या कडेला एक काठी रोवली आणि धाकट्याला तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले. पहिल्या तासात पाणी काठीच्या आसपासच घुटमळले. तिसऱ्या-चौथ्या तासाला मात्र ते असे भरभर वर सरकू लागले की सतरंजी, डबे आणि चपला उचलून मागे जाताना आमची धांदल उडाली. भरतीच्या सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत एकूण चढाच्या निम्मे पाणी चढते. उताराची वाळू सपाट असल्यामुळे ते आडवे फार वेगाने पसरते. खडकांच्या कडेने शेजारच्या खाचेत जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून ओहोटी पूर्ण होण्याआधी निघावे आणि पाणी फिरताच परतावे.

तो सोमवार श्रावणी सोमवारही होता आणि नारळी पौर्णिमाही. मुलीने भावाला राखी बांधली, आईने दिवसभर उपास धरला आणि संध्याकाळी, भरतीच्या वेळी, आम्ही सगळे किनाऱ्यावर गेलो. लाटांवर इतकी मुले बोर्ड घेऊन खेळत असताना नारळ पाण्यात सोडणे योग्य नव्हते, म्हणून बाबांनी तो लाटेला लावला, हात जोडले आणि नारळ घरी आणला. त्याचाच नारळीभात करून आईने सोमवार सोडला. किनाऱ्यापासून घरापर्यंतचा चढ ती त्या दिवशी न थांबता चढली, हे मला फार मोलाचे वाटले. शोधाच्या वेळी विचारलेल्या पायऱ्यांच्या प्रश्नाचे ते उत्तर होते.

मंगळवारी सर्फिंगचा वर्ग. आधी वाळूवर पाऊण तास गेला: बोर्डाच्या मध्यावर पालथे कसे झोपायचे, पायाला बांधायची दोरी मागच्या पायाला का, लाट मागून लागली की छातीजवळ तळवे टेकून एका हालचालीत कसे उठायचे, पडताना डोके हातांनी झाकून आडवे कसे पडायचे, आणि पाण्यात उभे असताना बोर्ड स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये कधीही का धरायचा नाही. नवशिक्यांचे बोर्ड फोमचे आणि लांब असतात, त्यामुळे ते डगमगत नाहीत. मुलगी बराच वेळ गुडघ्यांपर्यंतच उठत होती. शिकवणाऱ्या तरुणीने तिला नजर पायांवर न ठेवता किनाऱ्यावरच्या एका झोपडीकडे ठेवायला सांगितले आणि पुढच्या काही लाटांत ती उभी राहिली. तिच्या तोंडावरचा आनंद मी शब्दांत लिहू शकत नाही. वेटसूट काढणे हा मात्र एक वेगळाच व्याप आहे: तो कमरेपर्यंत ओला असतानाच उलटा सोलावा, वाळला की निघत नाही. घराबाहेरचा शॉवर आणि वाळवायचे खांब यांची किंमत त्या वेळी कळली.

बुधवारी ओहोटीच्या उथळ पाण्यात नवऱ्याच्या पायाला वीव्हर जातीचा मासा लागला. हा लहानसा मासा वाळूत पुरून बसतो आणि त्याच्या पाठीवरच्या काट्यात विष असते. वेदना पोटरीपर्यंत गेल्या. जीवरक्षकांनी त्याला शेडमध्ये बसवून सोसवेल इतक्या गरम पाण्याच्या बादलीत पाय ठेवायला लावला, पाणी थंड होईल तसे बदलत राहिले, आणि अर्ध्या-पाऊण तासात कळ उतरली. उष्णतेने ते विष निकामी होते. बर्फ लावू नये. आम्ही त्याच दिवशी सगळ्यांसाठी रबरी तळाचे पाण्यातले बूट घेतले, माणशी दहा-बारा पौंड.

गुरुवारी वारा वाढला आणि शुक्रवारी, 23 तारखेला, लिलियन नावाचे वादळ ब्रिटनच्या उत्तरेकडच्या भागावर आले. आमच्याकडे त्याचा जोर कमी होता, तरी समुद्र पाहूनच पाण्यात न जाण्याचे ठरवले. इथल्या किनाऱ्यांवर मोठ्या पावसानंतर सांडपाणी समुद्रात सोडले गेले आहे का, हे 'सर्फर्स अगेन्स्ट सूएज' या संस्थेच्या ॲपवर पाहता येते. ती सवय लावून घ्यावी. पावसाच्या दिवशी स्वतःचे घर असण्याचे सुख पुरेपूर मिळाले: आईने थालीपिठे लावली, बाबांनी मुलांना मेंढीकोट शिकवला आणि पाऊस थांबल्यावर त्यांच्याबरोबर मी किनाऱ्याच्या उत्तर टोकाला असलेले अमेरिकी सैनिकांचे स्मारक पाहून आले. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीवर उतरण्याचा सराव 1943 पासून याच वाळूवर झाला होता, कारण इथली वाळू आणि भरती तिथल्यासारखी होती. बाबा तिथे बराच वेळ वाचत उभे होते.

24 ऑगस्टला सकाळी दहापर्यंत घर सोडायचे होते. भांडी यंत्रात लावणे, चादरी काढून न्हाणीघरात ठेवणे, कचरा व पुनर्वापराच्या वस्तू ठरलेल्या रंगाच्या पेट्यांत टाकणे आणि वाळू झाडणे, एवढी अपेक्षा असते. आम्ही आदल्या रात्रीच अर्धे उरकले होते. निघताना पुन्हा प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढली. घर, पेट्रोल, किराणा, वर्ग, वेटसूट, बूट आणि गाडीतळाचे पैसे मिळून आठवड्याला सुमारे 2,950 पौंड झाले, त्यातले चार पंचमांश केवळ घराचे. अनामत रक्कम 29 ऑगस्टला पूर्ण परत आली आणि सोबत मालकीणबाईंचा मेल होता, की पुढच्या ऑगस्टचे आठवडे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी खुले होतील आणि जुन्या पाहुण्यांना दोन दिवस आधी विचारले जाईल. आई-बाबा 3 सप्टेंबरला गणपतीसाठी पुण्याला परतले. तळमजल्याच्या खोलीचे नाव घालून मी त्याच आठवड्यात मालकीणबाईंना उत्तर पाठवले आहे, आणि कोणाला माझी प्रश्नांची यादी हवी असल्यास ती मराठी व इंग्रजी दोन्हींत तयार आहे.